डिसेंबरातला कूलर

दसऱ्याला खिडकीतला कूलर काढला, ताट्या वाळवल्या आणि जुनी चादर पांघरून त्याला कोपऱ्यात उभा केला. त्याच रात्री आडवा झालो, तर उशीजवळ रातकिडा. उशी झटकली, किरकिर चालूच. बायकोने टॉर्च घेतली, पलंग सरकवला, धान्याची कोठी सरकवली आणि अर्ध्या तासाने कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अवो, मले तं काईच आयकू नाई येऊन राह्यलं!"

रातकिडा माझ्या कानात होता. दोन्ही.

गावात आजार झाकून राहत नाही. शेजारच्या काकू लसूण टाकून कढवलेलं जवसाचं तेल घेऊन आल्या. एकाने रुईचं पिवळं पान तव्यावर शेकून कानात पिळायला सांगितलं. पानठेल्यावर निदान झालं, "उचकी लागली तं घरचे आठवण काढते, कान वाजला तं उधारीवाला." हे निदान मला त्यातल्या त्यात पटलं होतं.

शेवटी जिल्ह्याच्या गावी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तेलाचं ऐकून त्यांनीच कानावर हात ठेवले. "पडद्याला भोक असतं तर?" मग प्रश्न. एकाच कानात वाजतं का? नाडीच्या ठोक्याबरोबर वाजतं का? चक्कर येते का? तसं असतं तर जास्त तपासण्या लागल्या असत्या. माझं तसलं काही नव्हतं, म्हणून पाठवलं तपासणीच्या बंद खोलीत.

कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की दाबायचं. मी दाबलं. सोडावं तर आवाज थांबेना, म्हणून दाबूनच धरलं. दोन मिनिटांनी तिथली मुलगी दार उघडून म्हणाली, "काका, मी अजून सुरूच केलं नाही."

कागदावर २५० हर्ट्झपासून रेष शेताच्या धुऱ्यासारखी सरळ आली होती, ४००० पाशी तिला खड्डा. डॉक्टरांनी खड्ड्यावर पेन ठेवून विचारलं, "मशीनवर काम करता?"

बावीस वर्षं हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चालवतो मी. सोयाबीन, तूर, हरभरा, चार गावांत भाड्याने. म्हणे ८५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजात रोज आठ-आठ तास काढले की कान खराब व्हायला लागतो. हडंब्याजवळ आम्ही एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलतो, शिव्यासुद्धा. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात, त्या गेल्या की गेल्या. तिथे दुबार पेरणी नाही. त्यांच्याकडून आवाज पोचेना झाला की मेंदू आपला रेडिओ मोठा करून बसतो आणि स्टेशन नसलं तरी खरखर ऐकतो. मला ते लगेच समजलं. बैलजोडी विकली तेव्हा बाबांना महिनाभर रिकाम्या गोठ्यातून घंटी ऐकू येत होती.

"पण डॉक्टरसाहेब, मी कानात कापूस घालतो."

"कापसाने आवाज अडत नाही. कानावर बसवायचे इअरमफ घ्या."

जन्मभर पिकवला तो कापूस. भाव तर त्याने कधी दिलाच नव्हता.

किरकिर बंद करणारी गोळी नाही म्हणाले. अगदी शांततेत झोपू नका, खोलीत हलका आवाज राहू द्या, हळूहळू मेंदू दखल घेणं सोडतो. मी तर जन्मभर शांतता मिळावी म्हणूनच तडफडत होतो!

पुतण्याने मोबाइलमध्ये पावसाचा आवाज लावून दिला. छान रिमझिम, पत्र्यावर पडल्यासारखी. मला पहिल्यांदा गाढ झोप लागली. रात्री दोनला बाबा ओरडले, "पाणी आलं रे! सोयाबीन झाका!" अंगणात दहा पोती वाळत घातलं होतं. बाबांच्या आवाजाने अर्धी गल्ली उठली. चौघांनी धावून ताडपत्री ओढली, एक जण चिखल समजून जपून चालत होता. ताडपत्रीचं शेवटचं टोक दाबून झाल्यावर बाबांनी वर पाहिलं. आभाळात चांदणं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाऊस माझ्या खिशात पडत होता.

दुसऱ्या दिवशी कूलरवरची चादर काढली.

आता डिसेंबर आहे. पाणी न घालता नुसता पंखा चालतो, तोंड भिंतीकडे वळवून. उन्हाळाभर याच घरघरीने माझा रातकिडा झाकला होता, हे आत्ता कळतं. बायको स्वेटर, मफलर आणि दोन गोधड्यांत असते. पाहुणे आले की ती आधी त्यांना माझा कान समजावून सांगते, मग ब्लँकेट देते. अलीकडे रात्री लाइट गेली की माझ्याआधी तीच जागी होते. कूलरशिवाय तिला झोप येत नाही.

परवा अशीच लाइट गेली. अंधारात दोघं जागे. कुठून तरी किरकिर सुरू झाली. मी गप्प राहिलो. तिने टॉर्च लावली, पलंगाखाली नेली आणि मग थांबून विचारलं, "अवो, हा तुमचा हाये का?"