एकोणसाठ, सदुसष्ट, त्र्याऐंशी

वरच्या मजल्यावरच्या काकांचा लॅपटॉप रिसेट होता होता चौसष्ट टक्क्यांवर रुसून बसला. मग निळ्या स्क्रीनवर त्याने बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी की मागितली. इथवर सगळ्यांचं सारखंच असतं, ते सोडा. मला बोलायचंय काकांच्या मेहुण्यांबद्दल.

काकांचं मायक्रोसॉफ्ट खातं उघडलेलं या मामांच्या फोनवर, म्हणून कीही तिथेच. 48 आकडे, सहा-सहाचे आठ गट. "फोन द्या, बघून टाकतो," म्हटलं, तर त्यांनी तो छातीशीच धरला.

"फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही. ओटीपी येतात त्यावर. मी वाचतो, तू टाक. एकोणसाठ, सदुसष्ट, त्र्याऐंशी."

माझं बोट सहावर जाऊन परत आलं. "मामा, सुटे सांगा ना. पाच, नऊ..."

"सुटे कशाला? आम्ही पावकी-निमकी घोकलेली माणसं!" आणि पुरावा म्हणून निमकी म्हणायला लागले. तेवढ्यात फोनची स्क्रीन विझली. अंगठा चिवड्याने तेलकट, फोन ओळख देईना. लेंग्याला पुसून परत लावला. "हं, कुठवर आलो होतो?"

2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात त्रेसष्टला 'साठ तीन' म्हणायची सोय केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्यातल्या कुणाला रात्री अकरा वाजता अशी की कुणी वाचून दाखवली नसणार.

या कीच्या प्रत्येक गटाला 11ने भाग जातो, म्हणून एखादा आकडा चुकला की यंत्राला कळतं. मामांना हे समजलं मात्र, ते प्रत्येक गटाचा तोंडी ताळा करायला लागले. "थांब, टाकू नकोस. चोपन्न हजार... दोनशे... त्रेपन्न. बाकी शून्य. टाक!"

आणि काका कोपऱ्यातून पुन्हापुन्हा तेच: "पण हे कुलूप मी लावलंच नव्हतं रे." खरंच नव्हतं. नव्या लॅपटॉपवर खात्याने लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, होते आणि किल्ली खात्यात जाऊन बसते. विकणारा बॅग फुकट देतो, माउस फुकट देतो. ही एक ओळ कागदावर लिहून द्यायला त्याचं काय जातं? 'एन्क्रिप्शन' हा शब्द सत्तरीच्या माणसाने पहिल्यांदा ऐकायचा तो सगळं अडकल्यावर, आणि तोही शेजाऱ्याकडून. मनस्ताप त्यांचा, जागरण माझं.

शेवटी की लागली. 'कीप माय फाइल्स' निवडलं, टक्के पुढे सरकले. काकू लाडू घेऊन आल्या.

"भागाकार बरोबर आला, म्हणून झालं," मामांनी जाहीर केलं. पहिला लाडू त्यांना.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काय करतोस रे?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"असं होय," मामा लाडू फोडत म्हणाले. "मग पाढे पाठ कर."