नैरोबीतला दूतावास १९६३ आधीचाही आहे

लेखात केनियाची राजधानी नैरोबी इथल्या भारतीय उच्चायुक्तालयाची, म्हणजे दूतावासाची, गोष्ट केनियाच्या स्वातंत्र्यापासून, म्हणजे १९६३ पासून सुरू केली आहे. त्याआधीची पंधरा वर्षं सुटली, आणि खरी रंगत तिथेच आहे!

१९४८ मध्ये नेहरूंनी ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले आयुक्त म्हणून पाठवले ते आप्पासाहेब पंत, आपल्या औंधच्या राजांचे चिरंजीव. तिथल्या भारतीय दुकानदारांची गाऱ्हाणी ऐकण्यापुरतं काम त्यांनी ठेवलं नाही. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोमो केन्याटा यांच्याशी मैत्री केली, आफ्रिकन मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. वसाहतीच्या राजधानीत, गोऱ्या सरकारच्या नाकावर टिच्चून हे चाललं होतं. १९५२ मध्ये माऊ माऊ या ब्रिटिशविरोधी बंडामुळे केनियात आणीबाणी आली, केन्याटांना अटक झाली. कापेनगुरिया गावी त्यांच्यावर चाललेल्या खटल्यात बचावासाठी भारतातून वकील दिवाण चमनलाल गेले. ब्रिटिशांना पंत डोईजड झाले आणि १९५४ मध्ये त्यांना तिथून हलवावं लागलं.

केनियाशी आजच्या संबंधांचा पाया त्या सहा वर्षांत घातला गेला, असं माझं ठाम मत आहे. लेखकाने पुढच्या भागात पंतांवर सविस्तर लिहावं, ही मनापासून विनंती. औंध-साताऱ्याकडच्या मुलांनाही हे नाव आज माहीत नसतं, याचं फार वाईट वाटतं.