हिरव्या कापडाने सिमेंट अडत नाही

आज सकाळी एका आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर सायलोच्या, म्हणजे सिमेंट साठवायच्या उंच टाकीच्या, डोक्यावरून पांढरा लोट सुटलेला. खाली बल्कर (सिमेंटचा टँकर) लागलेला, कंप्रेसर बोंबलतोय आणि दोन पोरं रस्त्यावर पाइपने पाणी मारतायत! वर सिमेंट, खाली पाणी. डोकंच फिरलं.

बल्कर खाली करायचा म्हणजे पंचवीस-तीस टन सिमेंट हवेच्या जोरावर पाइपातून सायलोत चढवायचं. सिमेंट आत राहतं, हवा वरच्या फिल्टरमधून बाहेर पडते. फिल्टर चोंदला की आत दाब चढतो. सायलो काही दाब झेलायला बांधलेला नसतो. तो फाटू नये म्हणून वर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की सिमेंट फिल्टरला बगल देऊन थेट हवेत. सकाळचा लोट असाच होता. त्याला 'थोडी धूळ उडतेच हो' म्हणणाऱ्यांना हात जोडले.

आणि फिल्टर चोंदतो कशाने? ओल्या हवेने. फिल्टरमधली कार्ट्रिज (घड्यांची गाळणी) झटकायला कंप्रेसरची हवा सोडतात. कंप्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी रोज काढलं नाही, तर ते त्या हवेबरोबर जातं आणि कार्ट्रिजच्या घड्यांत सिमेंटचा दगड होतो. मग झटकत बसा. त्यात ड्रायव्हरला पुढच्या ट्रिपची घाई. दाब 2 बारच्या वर नेतो. बल्कर रिकामा होत आला की पाइपातून नुसती हवा सुसाट येते. नेमकी तेव्हाच ती कमी करायची असते, पण थांबतो कोण? सायलो किती भरला ते सांगणारा लेव्हल प्रोब बंद असला तर हेल्पर सायलोवर हातोडी ठोकून आवाजावरून ठरवतो, किती भरलाय ते. प्रोब चालू हवा, त्याने भोंगा वाजवून पाइपचा व्हॉल्व्ह स्वतःच बंद केला पाहिजे.

पाणी मारूच नका असं नाही. खडीच्या ढिगावर, क्रश सँडवर, गेटपाशी चाकं धुवायला ते लागतंच. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये धुळीची नियमावली काढल्यापासून भोवतीचे पत्रे, हिरवी कापडं वाढली, तेही बरंच झालं. पण सायलोचं डोकं त्या कापडाच्या कितीतरी वर असतं राव!

धुण्याच्या पाण्याचं तर कुणी नावच काढत नाही. ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट नेणारी फिरत्या ड्रमची गाडी) धुतलेल्या पाण्याचा पीएच 12 च्या आसपास, म्हणजे फार क्षारधर्मी. बाहेर सोडायची मर्यादा 5.5 ते 9. तीन कप्प्यांच्या टाकीत गाळ बसतो, पाणी नितळ दिसतं, म्हणून नाल्यात सोडतात. अहो, गाळ बसल्याने पीएच उतरत नाही! एकतर कार्बन डायऑक्साइड सोडून तो उतरवा, नाहीतर पाणी परत मिक्समध्ये घ्या. काँक्रीटच्या भारतीय मानकाला, आयएस 456 ला, पीएच 6 च्या खाली नको असतो, वरचा चालतो. गाळाचं प्रमाण तेवढं तपासायचं.

आणि ड्रमच्या आत बसून घट्ट झालेलं काँक्रीट ब्रेकरने फोडणारा तो पोरगा. तोंडाला रुमाल. आत सिलिकाची इतकी बारीक धूळ की रुमालातून सरळ फुप्फुसात जाते, आणि सिलिकोसिसला औषध नाही. त्याच्यावर रागावून काय करणार? पाणी मारत फोडायला लावा, आत हवा खेळती ठेवा, नीट बसणारा मास्क द्या. मुळात प्रत्येक ट्रिपनंतर ड्रम धुतला तर फोडायची वेळ क्वचितच येते.

प्लांटवाल्या मित्रांनो, 'खर्च परवडत नाही' हे कार्ट्रिजच्या बाबतीत तरी ऐकवू नका. उडालेलं सिमेंट तुमच्याच पैशाचं आहे. उद्या बल्कर लागण्याआधी एक माणूस वर पाठवा, बेल्ट लावून, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलून बघायला सांगा. चिकटला असेल तर त्या दिवशी बल्कर लावू नका.