‘गिटार वाजून राहिली का भजे तळून राहिले?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, गिटारच्या क्रंच टोनवरच्या माझ्या लेखावरची अन् क्लिपवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी तुमच्याच शब्दांत: “क्रंचसाठी कॅबिनेट आधी निवडा, अँप मॉडेल मागून पाहा, असं सांगून राहिले तुम्ही. म्हणजे आधी टायर घ्या, मग गाडी पाहू! क्रंच म्हणजे मार्शल, विषय संपला. एसी३० काहून मधात आणला? अन् क्लिप ऐकली. गिटार वाजून राहिली का कढईत भजे तळून राहिले? आधी खरा ट्यूब अँप घ्या, मग ज्ञान द्या.”

नवख्यांसाठी दोन शब्द: क्रंच म्हणजे अँप थोडा फाटला की येणारा खरखरीत आवाज, कॅबिनेट म्हणजे स्पीकरचा डबा, ट्यूब अँप म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा अँप. मार्शल ही अँपची कंपनी, अन् एसी३० हा व्हॉक्स कंपनीचा अँप.

भज्यांपासून सुरू करतो, कारण तिथं तुमचं खरं आहे.

ती क्लिप मे महिन्यातली, दुपारी तीनची. नागपुरात त्या वेळी कूलर बंद करा म्हणणाऱ्याला घरचे लोक बाहेर उन्हात उभं करतील. गिटार थेट प्रोसेसरमध्ये (अँप, कॅबिनेट, माइक यांची नक्कल करणारं यंत्र) होती, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये कूलर येणार नव्हता, म्हणून मी निर्धास्त. पण माझ्या कानात तो होताच ना! पंख्याची घरघर, वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी उतरतं त्याची सरसर, अन् माझे हेडफोन मागून उघडे. त्या सरसरीनं गिटारचा वरचा आवाज झाकला गेला, मला टोन मंद वाटला, म्हणून प्रेझेन्स (वरचा आवाज धारदार करणारं बटण) वाढवला. तरी मंदच, म्हणून ट्रेबल. रात्री कूलर बंद करून एकदा ऐकायला पाहिजे होतं. ऐकलं नाही, टाकून मोकळा झालो. भजे कबूल.

टायरची उपमा मात्र पटली नाही. कॅबिनेट म्हणजे तंबोऱ्याचा भोपळा. तारा त्याच ठेवा, भोपळा बदला, अन् मग सांगा तंबोरा तोच आहे का.

गिटारचा स्पीकर हा घरच्या म्युझिक सिस्टिमचा स्पीकर नाही. ५ किलोहर्ट्झच्या आसपास तो हात टेकायला लागतो, त्याच्या वर आवाज झपाट्यानं पडतो. अन् क्रंच म्हणजे काय, तर अँपनं लाटेची टोकं छाटली की मूळ सुरावर जे नवे वरचे स्वर उगवतात ते. त्यातले कानाला बोचणारे स्वर स्पीकर गिळून टाकतो, उरतं ते आपल्याला गोड लागतं. प्रोसेसरमध्ये कॅबिनेटचा ब्लॉक बंद करून गेन (आवाज फाडणारं बटण) लावा. खरे भजे तिथं ऐकू येतील, माझे काहीच नाहीत. म्हणून म्हणतो, चाळणी आधी ठरवा. पीठ कोणतं घ्यायचं ते मग कळतं.

तुमच्या लाडक्या मार्शलचीच गोष्ट घ्या. १९६२-६३ मध्ये लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रान अन् डडली क्रेव्हन यांनी जेटीएम४५ घडवला, तो फेंडरच्या बासमन अँपचं सर्किट समोर ठेवून. जवळपास नक्कलच. पण बासमनमध्ये १० इंची चार स्पीकर होते अन् पाठ उघडी. इकडे सेलेस्टियन कंपनीचे १२ इंची चार स्पीकर बंद डब्यात बसवले. फरक सगळा डब्याचा होता असं मी म्हणणार नाही. पहिला ट्यूब १२एवाय७ ऐवजी जास्त गेनचा ईसीसी८३ होता, ट्रान्सफॉर्मरही वेगळे. तरी त्या आवाजाची छाती ज्याला आपण मार्शल म्हणतो ती त्या बंद डब्यातूनच आली, असं माझं ठाम मत आहे.

घरी करून पाहण्यासारखं एक सांगतो. प्रोसेसरमध्ये सेलेस्टियनच्या ग्रीनबॅक स्पीकरचं ४×१२ (१२ इंची चार स्पीकरचं) कॅबिनेट कायम ठेवून मी जेटीएम४५ अन् मार्शलचाच नंतरचा प्लेक्सी आलटून पालटून वाजवले, गेन कानानं सारखा करून. फरक होता, पण कान देऊन ऐकावा लागला. मग प्लेक्सी तसाच ठेवून कॅबिनेट उघड्या पाठीचं १×१२ केलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “गिटार बदलली का रे?”

स्पीकर निवडताना मी सेलेस्टियनच्या तिघांतच फिरतो. ग्रीनबॅक २५ वॅटचा, लवकर नरम पडतो, मिडमध्ये (मधल्या आवाजात) थोडा खरखरीत. प्लेक्सीसोबत माझा पहिला हात त्याच्यावरच जातो. व्हिंटेज ३० च्या नावातल्या तीसवर जाऊ नका, तो ६० वॅटचा आहे अन् ‘व्हिंटेज’ असूनही १९८० च्या दशकातला. त्याचा वरचा मिड पुढे येतो. एकटं वाजवताना कर्कश वाटतो, पण ड्रम अन् बेस सुरू झाले की गिटार त्याच्याच जोरावर वर निघते. जी१२टी-७५ मध्ये मिड मागे सरतो. क्रंचसाठी मला तो पोकळ वाटतो, कुणाला आवडत असेल तर त्याची मर्जी.

अन् माइक! प्रोसेसरमध्ये कॅबिनेटसमोर तोही नकलीच असतो. एसएम५७ माइक स्पीकरच्या कोनच्या मधोमध असला की टोकदार, कडेकडे नेला की गोलसर. ती एक इंचाची सरकासरक ट्रेबलच्या अख्ख्या बटणापेक्षा जास्त काम करते. क्लिपमध्ये मी माइक मधोमध ठेवून वरून प्रेझेन्स लावला होता, म्हणजे मिरची अन् वरून तर्री.

आता एसी३०. क्रंच म्हणजे मार्शल, हे हमबकर (दुहेरी कॉइलचा जाड आवाजाचा पिकअप) अन् दोन सुरांच्या पॉवर कॉर्डसाठी मी मान्य करतो, त्यावर वाद नाही. पण मी लिहिलं होतं ते सिंगल कॉइल (एकेरी कॉइलचा पातळ आवाजाचा पिकअप) अन् मोकळ्या कॉर्डसाठी. एसी३० मध्ये चार ईएल८४ ट्यूब, अन् निगेटिव्ह फीडबॅक (बाहेरचा आवाज थोडा उलटा आत देऊन अँपला आवरणारी सोय) नाही. म्हणून तो एकदम फाटत नाही. हळू वाजवलं तर स्वच्छ, जोरात मारलं तर दात दाखवतो. क्वीन बँडच्या ब्रायन मे यांचा सगळा थाट याच अँपवर, पुढे ट्रेबल बूस्टर लावून. सेलेस्टियन ब्लू स्पीकर अन् उघडी पाठ यांमुळे प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. तोच कॉर्ड मार्शलच्या जेसीएम८०० वर वाजवा, सगळा लगदा होतो.

आपण दोघंही चुकतो ते गेनमध्ये. एसी/डीसी बँडच्या माल्कम यंग यांची रिदम गिटार नीट ऐका, वाटतो त्याच्या अर्धाही गेन नाही. जाड तारा अन् उजव्या हाताचा दणका. हे मला पुस्तकातून नाही, गणपतीच्या मांडवात कळलं. खोलीत हळू आवाजात टोन बसवला होता. हळू आवाजात कानाला खालचं अन् वरचं कमी ऐकू येतं, म्हणून बेस अन् ट्रेबल दोन्ही चढवलेले, मिड उतरवलेला, गेन आठवर. मांडवात साउंडवाल्यानं थेट लाइन घेतली, आवाज उघडला, अन् माझी गिटार गायब! खाली नुसता गुबगुबाट, वर सूं सूं. कॉलनीतल्या काकांनी मध्येच येऊन विचारलं, “तुझी वायर निघाली का?” त्या रात्रीपासून गेन चारवर, मिड सहावर, अन् ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापतो. सहावी तारच ८२ हर्ट्झवर सुरू होते, त्याच्या खाली आपलं काय काम?

खऱ्या ट्यूब अँपबद्दल: वाजवला आहे, आवडतो, घ्यायची ऐपत झाली तर घेईन. पण १०० वॅटचा प्लेक्सी ज्या जागी गोड होतो तिथवर आवाज चढवला तर मानेवाड्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून आधी मी बाहेर जाईन, मग अँप. मास्टर व्हॉल्यूमवाला घेतला तर हळूही फाटतो, पण त्यात मागच्या मोठ्या ट्यूबांचा तो दम नसतो. माझ्यासारख्या लोकांसाठीच मी अँपची मॉडेल अन् कॅबिनेटच्या आयआर फायली (खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचा ठसा) यांवर लिहितो.

नवी क्लिप रविवारी सकाळी सहाला करतो, कूलर बंद, माइक कडेला सरकवून. तोच रिफ तीन कॅबिनेटवर, अँप एकच. तुमच्या गिटारवर हमबकर आहेत का सिंगल कॉइल, तेवढं कळवा. हमबकर असतील तर मार्शलच घेतो.