पांढऱ्या डागांच्या मेसेजबद्दल खुलासा
सांगलीतल्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: दातांवर पांढरे डाग म्हणजे कॅल्शियम कमी, लिंबू-सोडा चोळा. हे चुकीचं आहे. मी दंतवैद्य आहे, असे दात रोज बघते. परवा नऊ वर्षांच्या मुलाचा दात हवेनं कोरडा केला, तर हिरडीलगत खडूसारखा पट्टा उठून दिसला. ही किडीची सुरुवात. या टप्प्यावर ती थांबवता येते. बऱ्याच दातांवर सारख्या पुसट रेषा असतील, तर लहानपणी पोटात गेलेलं जादा फ्लोराईड असू शकतं. बोअरचं पाणी पीत असाल तर तपासून घ्या, लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको. एकाच दातावरचा डाग कधी दुधाच्या दाताला लागलेल्या मारामुळेही येतो. लिंबानं मात्र दाताचं आवरण झिजतं, आणि ते पुन्हा येत नाही. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.