खेचराचं वांझपण 63 या आकड्यात नाही

घोडी आणि गाढव यांच्या संकरातून जन्मणारं खेचर वांझ का असतं, याचं एक उत्तर दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरत येतं. "घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63. विषम आकड्याचे दोन सारखे भाग होत नाहीत, म्हणून बीज तयार होत नाही. साधं गणित!" मागोमाग दोन पुरवण्या असतात: नराची वृषणं नावालाच असतात, त्यामुळे त्याला खच्ची करायची गरज नाही, आणि खेचरी आजवर कधी व्यालेलीच नाही. आकडे बरोबर आहेत. त्यांवरून जे सांगितलं जातं ते चुकीचं आहे, आणि मुलं तेच पाठ करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी विषम आकडा. तोच नडत असता, तर आपल्या सह्याद्रीतलं भेकर कधीच संपलं असतं. भेकराच्या मादीत गुणसूत्रं 6 आणि नरात 7. हा सात गुणसूत्रांचा नर पिढ्यान्‌पिढ्या बाप होत आला आहे. घोड्यांच्याच कुळातलं उदाहरण हवं असेल, तर मंगोलियाचा प्रझेवाल्स्की घोडा घ्या. त्याची गुणसूत्रं 66. पाळीव घोड्याशी त्याचा संकर झाला की शिंगराची होतात 65, तरीही ते शिंगरू मोठं होऊन प्रजनन करतं. पाळीव घोड्याचं पाचवं गुणसूत्र त्या रानघोड्यात दोन तुकड्यांत आहे, एवढाच फरक. बीज तयार होताना ते एक मोठं आणि दोन लहान शेजारी नीट जुळून बसतात. माणसांतही हजारात एखाद्याची दोन गुणसूत्रं चिकटून एकूण 45 होतात, आणि अशा अनेकांना मुलं होतात.

उलटही पाहा. गाय आणि याक दोघांची गुणसूत्रं 60. लडाखात त्यांच्या संकराला झो म्हणतात. त्याचीही 60, म्हणजे चक्क सम. तरी नर झो वांझ, आणि मादी झोमो मात्र विते. गणित इथेच कोसळतं.

मग खेचराच्या वृषणात अडतं कुठे? घोड्यात मूळ पेशीपासून शुक्राणू घडायला साधारण 57 दिवस लागतात आणि या वाटेवर टप्प्याटप्प्याने जनुकांचे वेगवेगळे संच चालू-बंद होतात. आधी पेशी नुसत्या वाढतात. मग अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन, सुरू होतं: स्पो-11 या जनुकाचं प्रथिन डीएनएला मुद्दाम जागोजागी चिरा पाडतं, त्या चिरा जोडीदार गुणसूत्राकडे बघून सांधल्या जातात, आणि एसवायसीपी-3 सारखी प्रथिनं जोडीला चेनसारखं घट्ट बसवतात. शेवटी प्रोटामीनची जनुकं जागी होऊन डीएनए शुक्राणूच्या डोक्यात आवळून भरतात. खेचराचं घोडं मधल्या टप्प्यावर अडतं. घोडा आणि गाढव यांच्या वाटा सुमारे 40 ते 45 लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तेव्हापासून दोघांच्या गुणसूत्रांचे तुकडे इतके उलटसुलट जोडले गेले आहेत की बापाकडचं गुणसूत्र आईकडच्याशी लांबच्या लांब जुळतच नाही. सस्तन प्राण्यांत न जुळलेल्या भागांवरची जनुकं पेशी गप्प करून टाकते, आणि फार काही न जुळलेलं राहिलं तर ती पेशी मरते. खेचराच्या वृषणाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर मुळात बीजपेशी कमी, आणि ज्या आहेत त्या बहुतेक याच टप्प्यावर थांबलेल्या दिसतात. 63 ऐवजी 62 किंवा 64 असती, तरी हेच झालं असतं.

वृषणं नावालाच असतात, ही पुरवणी तर घातक आहे. गाढव बापाच्या वाय गुणसूत्रावरून आलेलं एसआरवाय जनुक गर्भात वेळेवर चालू होतं, ते सॉक्स-9 ला जागं करतं आणि वृषण व्यवस्थित घडतं. शुक्राणू बनवणारा कारखाना बंद असला, तरी शेजारच्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक बनवतच राहतात. म्हणून वयात आलेला नर घोड्यासारखाच माजावर येतो, चावतो, लाथा झाडतो, घोडीवर चढतो. "वांझच आहे, काय करायचंय" म्हणून त्याला तसाच ठेवणं म्हणजे राखणाऱ्याचा जीव धोक्यात घालणं. त्याला पशुवैद्याकडून वेळेत खच्ची करून घ्यायलाच हवं.

राहिली खेचरी. तिचं गर्भाशय उत्तम असतं; बाहेरून ठेवलेले घोड्याचे आणि गाढवाचे गर्भ खेचरींनी पूर्ण दिवस वाढवले आहेत. स्वतःच्या बीजातून वीण फार दुर्मीळ, पण ती झालेली आहे. 1984 साली अमेरिकेत नेब्रास्कामध्ये एका खेचरीला गाढवापासून शिंगरू झालं आणि तपासण्यांनी तीच आई असल्याचं सिद्ध झालं. त्या शिंगराची गुणसूत्रंही 63 भरली. म्हणजे तिने आपल्या आईकडून आलेला घोड्याचा 32 चा संच जवळपास जसाच्या तसा पुढे दिला असावा, आणि त्यात गाढव बापाची 31 मिळाली.