माती सोडून सगळं

जळगावात गच्चीवर मातीविना भाजी लावायची, तर वडील गावाला गेलेले असताना लावावी. आमचे आप्पा अमळनेरकडचे, काळ्या वावरात कापूस पिकवत जन्म गेलेला. त्यांच्यासमोर मी कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट बादलीत पाण्यात टाकली. ती फुगत फुगत काठावर आली. आप्पा म्हणाले, "काय करी ऱ्हायना रे? वावरमा माटी सरी गई का?"

कोकोपीट स्वस्त, ओल धरतो, पालकाला मानवतो. पण नारळ समुद्रकाठचा, येताना मीठ घेऊनच येतो. म्हणून पाण्यातले क्षार मोजणाऱ्या ईसी मीटरचा आकडा एकच्या खाली उतरेपर्यंत तो धूत बसायचं. ज्या गावात नळाची वाट बघत हंडे रांगेत उभे असतात, तिथे भुसा धुणं चारचौघांत शोभत नाही. मी ते दिवे मालवून उरकतो.

त्यात हवा खेळावी म्हणून पर्लाइट मिसळतात. ज्वालामुखीची काच भट्टीत नऊशेच्या आसपास अंशांना फुलवली, की लाह्यांसारखे पांढरे दाणे होतात. वजन नाहीच. एप्रिलातल्या वाऱ्याची एक झुळूक आली आणि माझं निम्मं पर्लाइट शेजारच्या काकूंच्या गच्चीवर, ओल्या बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर, जाऊन बसलं. काकूंनी तळून पाहिल्यावर एवढंच विचारलं, "या वर्षी तीळ असे कचकच का लागतात हो?" मी तिळाच्या भावावर बोललो.

मग रॉकवूल आणलं. बेसाल्ट वितळवून त्याचे धागे काढतात. मूळचं अल्कधर्मी, म्हणून साडेपाच पीएचच्या, म्हणजे किंचित आम्ल, पाण्यात भिजवायचं. कोरडं हाताळलं की कोपरापर्यंत खाज. आप्पांनी चौकशी केली. बेसाल्ट म्हणजे आपलाच काळा दगड आणि तोच झिजून आपली काळी माती झाली, हे मीच त्यांना सांगून बसलो. "म्हंजे माटी नको, माटीना बाप चाले!"

मातीच्या भाजलेल्या गोळ्यांबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नाही. नावातच माती. धुवून पुन्हा वापरता येतात, पण मेथीचे दाणे फटींतून थेट तळाला जातात. लेट्यूसची रोपं आधी स्पंजात वाढवून मग गोळ्यांत बसवली तर छान येतात. फक्त आमच्याकडे लेट्यूस खाणारं कोणी नाही. मेथी-पोकळ्याला कोकोपीट-पर्लाइटच बरं.

तरी मुळं कशात रोवायची ही सगळी चर्चा होळीपर्यंतचीच. मे महिन्यात पारा 44 च्या पुढे गेला, की रोपांच्या टाकीतलं पाणी आंघोळीलायक होतं. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मग मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात, तुम्ही ती नारळात रोवा नाहीतर बेसाल्टात. म्हणून मी टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडतो. भर दुपारी आलेल्या पाहुण्यांना माठातलं पाणी आणि पालकाला बर्फाचं, हे बायकोने काही दिवस पाहिलं. आता फ्रीजरच्या दारावर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे : "वरचा कप्पा माणसांसाठी."